अ‍ॅबिगेल क्रीडन, वय पंचवीस

आमच्या घरातली गोबनेट लग्न करत नाही, ती आईपाशी राहते. हे मला पहिल्यांदा कुणी आणि कधी सांगितलं ते आठवत नाही. स्वतःचं नाव कळलं त्याच सुमारास कळलं असणार, कारण माझंच नाव गोबनेट.

गोष्ट अशी होती. माझ्या आईची आत्या गोबनेट क्रीडन, जन्म १९०२, हिचं लग्न ठरलं होतं. पेटी भरून दारात ठेवलेली. निघायच्या दिवशी सकाळी तिची आई, म्हातारी ऑनोरा, चुलीपाशी कोसळली. गोबनेटनं डोक्यावरची हॅट काढली, पेटी उघडली, कपडे परत खुंटीला लावले आणि हूं की चूं न करता जन्मभर आईचं केलं. १९४१ साली ती बिचारी म्हातारीच्याही आधी गेली. तेव्हा माझी आई जेमतेम वर्षाची होती, आणि मरायच्या आदल्या दिवशी आत्यानं तिला मांडीवर घेतलं होतं. आई ही गोष्ट इतक्यांदा सांगायची की त्या हॅटचा रंगसुद्धा मला पाठ होता. हिरवा.

मी १९९६ साली डब्लिनहून सहा महिन्यांसाठी घरी आले. बाबांना अर्धांगाचा झटका आला होता. मी चोवीस वर्षांची होते, नकाशे छापणाऱ्या एका कंपनीत कामाला होते, आणि खोलीची किल्ली मैत्रिणीकडे ठेवून आले होते. बाबा नऊ वर्षं अंथरुणावर काढून गेले. तोवर आईचे गुडघे गेले, आणि गेल्या हिवाळ्यात अंगणात पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं. माझा भाऊ फिनबार कॉर्क शहरात राहतो. बायको, अ‍ॅबी नावाची एकुलती एक मुलगी, चौथ्या मजल्यावरचं घर. दर नाताळात तो मला म्हणतो, "तू आहेस म्हणून आम्ही निर्धास्त आहोत," आणि हातमोजे देतो. माझ्याकडे सत्तावीस जोड आहेत.

आठवड्यातून तीन सकाळी मी मॅक्रूमच्या वाचनालयात काम करते. तेवढा वेळ शेजारची बाई आईजवळ बसते. वाचनालयात माझं काम म्हणजे लोकांचे पूर्वज शोधून देणं. बोस्टनहून, मेलबर्नहून, कुठून कुठून माणसं येतात, खिशातून पणजीचा फोटो काढतात आणि माझ्याकडे अशी बघतात की जणू मी पणजीला कपाटात दडवून ठेवलंय. जुन्या जन्म-लग्न-मृत्यूच्या वह्यांची पानं आता इंटरनेटवर फुकट दिसतात. कुणीही बघावीत. पण बघता यायला हवं.

मी त्यांना पहिली गोष्ट सांगते, नाव विसरा. आमच्याकडे नावाइतकी बिनभरवशाची दुसरी गोष्ट नाही. घरात आयरिश बोलायचे, पाद्री लॅटिन लिहायचा आणि सरकारी कारकून इंग्रजी. घरातला टाइग कागदावर टिमथी व्हायचा. शीलाची ज्युलिया व्हायची. आणि गोबनेट हे नाव तर बाहेरून आलेल्या कारकुनाच्या जिभेवर बसायचंच नाही, मग तो बायबल आठवून अ‍ॅबिगेल लिहायचा, नाहीतर डेबोरा. ज्या बाईला आयुष्यात कुणी अ‍ॅबिगेल म्हणून हाक मारली नाही ती कागदावर अ‍ॅबिगेल म्हणून जन्मते आणि अ‍ॅबिगेल म्हणून मरते. दुसरं मी सांगते ते हे, की घरच्यांनी सांगितलेलं सगळं आधी बाजूला ठेवा. घरचे खोटं बोलतात असं नाही, पण त्यांना जे सोयीचं असतं तेच त्यांच्या लक्षात राहतं.

हे मी शेकडो लोकांना सांगितलंय. आणि आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला मी स्वतः आमच्या घराची वंशावळ केली तेव्हा काय लिहिलं? "गोबनेट क्रीडन, १९०२ ते १९४१, अविवाहित, आईची सेवा केली." जन्माची नोंद मला सापडली होती, अर्थात अ‍ॅबिगेल या नावानं. मृत्यूची काही केल्या सापडली नव्हती. मी म्हटलं, राहिली असेल नोंदवायची, खेड्यात कधी कधी राहायची. वंशावळ मी इंटरनेटवर टाकली. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी ती उतरवून घेतली, त्यांच्याकडून आणखी कुणी. आज ती ओळ एकोणीस वंशावळींत आहे. मिलवॉकीतल्या एका चुलत बहिणीनं तर गोबनेटच्या नावापुढे मेणबत्तीचं चित्र लावलंय.

आता कॉन टूमीबद्दल. कॉन दुधाचा टँकर चालवायचा, आता निवृत्त आहे. बायको जाऊन सात वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी तो आजीचा जन्म शोधायला वाचनालयात आला. आजी पंधरा मिनिटांत सापडली, पण तो येतच राहिला. पुढे त्याला पणजोबाही हवे झाले, मग पणजोबांचा भाऊ, आणि मग पणजोबांच्या भावाचं गाढव सोडून सगळं. सगळ्या मॅक्रूमला कळलं होतं तो कशाला येतो ते. मलाही कळलं होतं. बावन्नाव्या वर्षी माणूस आरशात बघून हसतं तेव्हा त्याला आणखी काही कळायचं शिल्लक नसतं.

मार्चमधला मंगळवार होता तो. कॉन टेबलापाशी येऊन उभा राहिला, बसला नाही.

"घर विकलं गेलं. शनिवारी निघतोय वेक्सफर्डला. लेकीला जुळं झालंय, तिला माझी गरज आहे असं ती म्हणते. खरं तर माझ्या व्हॅनची आहे."

"छान," मी म्हणाले. माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली.

"छान काय? अकराला तुझ्या फाटकावरून जाईन. व्हॅन सामानानं भरलीय, पण शेजारची सीट मोकळी ठेवलीय. आता मला सांग, तिथं तू बसणार आहेस की मी शिवणयंत्र ठेवू?"

"अशी मागणी घालतात का रे?"

"मला तीस वर्षांचा सराव आहे टँकर चालवायचा. मागणी घालायचा एकदाचाच, तोही विसरलो."

मी हसले आणि मग मला रडू आलं. मी त्याला सांगितलं, जमणार नाही. आई आहे. आणि नुसती आई असती तर एक वेळ भांडले असते, पण आमच्याकडे हे असंच आहे. माझ्या आधीच्या गोबनेटनं तर भरलेली पेटी उघडली होती. तिनं केलं, मग मी कोण मोठी लागून गेले? मी त्याला हॅटसुद्धा सांगितली.

कॉन ऐकत होता. मग म्हणाला, "तिची नोंद पाहिलीस?"

"जन्माची आहे. मृत्यूची नाही सापडत."

"लग्नाची?"

"अरे, तिचं लग्न झालं नव्हतं!"

"कोण म्हणतं?"

"आई."

"आणि तू माझ्यासारख्यांना पहिल्या दिवशी काय सांगतेस? घरच्यांनी सांगितलेलं बाजूला ठेवा." त्यानं माझ्यासमोरचा कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. "ठेव बाजूला."

अ‍ॅबिगेल क्रीडन. लग्न. १९२० ते १९४०. एवढंच टंकलं. चार वर्षांपूर्वी टंकलं असतं तर चार वर्षांपूर्वी सापडलं असतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी हे पान इंटरनेटवर नव्हतं, पण कॉर्कच्या कुठल्या तरी कपाटात होतंच.

पहिली मार्च १९२७. मंगळवार, उपासाचे चाळीस दिवस सुरू व्हायच्या आदला दिवस. आमच्याकडे तेव्हा सगळी लग्नं त्याच दिवसापर्यंत उरकायची, कारण मग ईस्टरपर्यंत पाद्री लग्न लावत नसे. ठिकाण कॉर्क शहरातलं चर्च. नवरा, बार्थोलोम्यू डिनीन, रेल्वेत फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारा. नवरी, अ‍ॅबिगेल क्रीडन, वय पंचवीस, राहणार कूमरो. कूमरो म्हणजे आमची वस्ती, तिथं क्रीडनांचं एकच घर. वडील, टिमथी क्रीडन, शेतकरी. साक्षीदार दोन. एक कुणी डिनीन. दुसरी ज्युलिया लूसी.

ज्युलिया लूसी माझी आजी. माझ्या आईची आई.

नवऱ्याचं आडनाव मिळाल्यावर मृत्यूची नोंद दोन मिनिटांत निघाली. अ‍ॅबिगेल डिनीन, विधवा, वय सहासष्ट, समुद्राकाठचं योल, १९६८. मृत्यूसमयी हजर, मुलगी.

मी खुर्चीत मागे रेलले. मला आनंद झाला असं लोकांना वाटेल. मला संताप आला होता. मी दात इतके आवळले की दाढ दुखायला लागली. ती गेली होती. हिरवी हॅट घालून, नसेल तर कुठल्याही रंगाची घालून, बाई सरळ चालत गेली होती आणि समुद्राकाठी चाळीस वर्षं नांदली होती. आणि मी इथं तिच्या नावानं बेडपॅन धूत होते.

"कॉन," मी म्हणाले, "शिवणयंत्र मागे टाक."

घरी पोचले तेव्हा आई रेडिओवर मृत्यूच्या बातम्या ऐकत होती. रोज ऐकते. आमच्या भागात कोण गेलं, शव कुठे ठेवलंय, दफन किती वाजता. ओळखीचं नाव आलं नाही तर तिचा हिरमोड होतो. शेजारीण निघून गेल्यावर मी छापलेलं पान तिच्या मांडीवर ठेवलं आणि भिंग हातात दिलं.

ती सावकाश वाचत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही, आणि त्यावरूनच मला कळलं की तिला माहीत होतं.

"अ‍ॅबिगेल," ती म्हणाली. "बघ. नावसुद्धा इथंच टाकून गेली."

"आई, तुला ठाऊक होतं."

"दर नाताळला तिचं पत्र यायचं. म्हातारी न फोडता चुलीत घालायची. मी लहान होते, मला वाटायचं सगळ्यांच्या घरी पत्रं जाळायलाच येतात."

"म्हणजे पेटी, हॅट, ते मांडीवर घेणं..."

"पेटी होती. माझ्या आईनंच ती रस्त्यापर्यंत वाहिली. दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी. ज्युलिया तिच्याबरोबर कॉर्कला गेली, साक्षीला उभी राहिली आणि संध्याकाळी म्हातारीला सांगायला परत आली. एकटीच. तिला वाटलं, सांगायचं आणि घरी जायचं. म्हातारीनं तिचं मनगट धरलं. पुढच्या वर्षी तिला सून करून घेतली. चोवीस वर्षं, गोबनेट, चोवीस वर्षं माझ्या आईनं त्या बाईचं केलं. शेवटी शेवटी भांडं धरायला मी असायचे. अकरा वर्षांची होते."

"मग तू मला हे का नाही सांगितलंस?"

आईनं भिंग खाली ठेवलं. तिला उगाच गोड बोलता येत नाही, कधीच आलं नाही.

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस."

मी तिच्यावर ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही. माझ्या आवाजानं बाहेर कुत्रा भुंकायला लागला. माझा आवाज बसला तेव्हा तिनं विचारलं, "टूमीच ना? दूधवाला?"

"हो."

"माणूस बरा आहे. बोलतो जरा फार." मग पान मला परत देत, "जा. फिनबारशी माझं झालंय बोलणं. खुबा मोडला तेव्हाच आम्ही ठरवलं होतं, तुझं काही झालं तर काय करायचं ते. अ‍ॅबी येईल."

मी ते नीट ऐकलंच नाही. खरं सांगते, मला "जा" एवढंच ऐकू आलं. बुधवार आणि गुरुवार, दोन दिवस मी जमिनीवर नव्हते. बॅग काढली, त्यात कपडे भरले, काढले, पुन्हा भरले. हातमोज्यांचे सगळे जोड चर्चच्या दानपेटीत टाकून आले. वाचनालयात राजीनाम्याचा कागद दिला तर तिथल्या मुख्य बाई म्हणाल्या, "अगं, कधीची वाट बघत होते मी याची," आणि त्यांनी मला मिठी मारली. शेजारणीनं केक आणला. सुखी होणं इतकं सोपं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारच्या बसनं अ‍ॅबी आली.

अ‍ॅबी तेवीस वर्षांची आहे. तिचं खरं नाव गोबनेट. आईनं हट्टानं ठेवायला लावलं होतं, पण शहरात कुणाला ते उच्चारता येईना म्हणून अ‍ॅबी. पोरगी लहानपणापासून पक्ष्यांच्या मागे वेडी. शिकलीसुद्धा तेच. पाठीवरची भलीमोठी पिशवी उतरवून तिनं आजीचा मुका घेतला, मला म्हणाली, "आत्या, तू नवरी! मला आधी का नाही सांगितलंस, मी नवा शर्ट घातला असता," आणि स्वयंपाकघरात जाऊन पावाचा अर्धा लोफ लोण्यासकट संपवला.

मी तिला औषधांचा डबा दाखवला. कुठली गोळी कधी, उचलताना कुठला हात कुठे. ती हसत खेळत सगळं वहीत लिहून घेत होती. तिच्या वहीच्या आधीच्या पानांवर पक्ष्यांची चित्रं होती, आणि तारखा.

"हे काय गं?" मी विचारलं.

"ते? कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचं. तिथं एका बेटावर पफिन मोजायचं काम मिळालं होतं मला. दोनशे जणांतून तिघांना घेतलं. उद्या दुपारचं विमान होतं."

"होतं म्हणजे?"

"म्हणजे बाबांनी समजावलं. काय आहे, पफिन काय, दरवर्षी येतात." ती वहीत बघत बोलत होती. "आणि फार नाही गं, सहाच महिने. तोवर बाबा काहीतरी सोय करतील."

माझ्या हातात गोळ्यांचा डबा होता. मी तो टेबलावर ठेवला. सहाच महिने. अगदी हेच शब्द मी मैत्रिणीला किल्ली देताना बोलले होते, त्याच हलक्या आवाजात, आणि मलाही तेव्हा ते खरंच वाटत होतं.

"तिकीट रद्द केलंस?"

"आज रात्री करणार. उगाच जिवाला लागतं म्हणून पुढे ढकललं." मग तिनं मान वर केली. "मी रडत नाहीये हं, कांदा आहे पावात. आत्या, तुझं झालं ना करून, अठ्ठावीस वर्षं? आता माझी पाळी. आपल्याकडे गोबनेटच राहते ना. तू वंशावळीत लिहिलंयस. मी शाळेत त्यावर निबंध लिहिला होता, बक्षीस मिळालं होतं मला."

शेजारच्या खोलीत आईचा रेडिओ बंद झाला. ती ऐकत होती.

मी अ‍ॅबीला हाताला धरून मागच्या अंगणात नेलं आणि ते पान दाखवलं. तिला वाचायला वेळ लागला नाही. तिनं दोनदा वाचलं, मग मृत्यूची नोंद वाचली, मग पुन्हा लग्नाची.

"म्हणजे ती गेली?" ती म्हणाली.

"ती गेली."

"सरळ गेली? कॉर्कला? फायरमनबरोबर?" आणि ती हसायला लागली. हसता हसता खाली पायरीवर बसली आणि तोंड झाकून घेतलं. मग म्हणाली, "पण आजी एकटी कशी राहील? तू तर उद्या चाललीस."

मी तिच्याकडे बघत होते. तेवीस वर्षांचं पोर, हनुवटीला लोणी लागलेलं. पायरीवर आम्ही दोघी आणि हातात एकच कागद, आणि त्या कागदानं दोघींपैकी एकीलाच जाता येणार होतं. मला स्वतःसाठी तो हवा होता. फार हवा होता, हे सांगायला लाज कसली. क्षणभर मनात आलंसुद्धा, तरुण आहे ती, सहा महिने गेले तर काय बिघडतं. माझ्या बाबतीत हाच विचार कुणी कुणी केला असेल ते मला तेव्हा लख्ख कळलं. सगळ्यांनी केला असेल. वाईट कुणीच नव्हतं त्यात.

"कॉनच इथं राहायला येतोय," मी म्हणाले. "ठरलं आमचं काल. लेकीकडे महिनाभर राहील आणि मग येईल. तुझ्या बाबाला सांगायचं राहिलं."

"खरंच?"

"तर काय. व्हॅन त्याच्याकडे आहेच, आईला दवाखान्यात न्यायला बरी पडेल."

तिला ते खरं वाटायला हवं होतं, म्हणून वाटलं. आमच्या घरात खोटी गोष्ट सांगायची कला आहेच, मला ती वारशानंच आली असणार. आईनं एक रचली होती, मी दुसरी रचली, आणि दोन्ही सहज खपल्या.

शनिवारी सकाळी सातच्या बसला मी अ‍ॅबीला सोडायला रस्त्यापर्यंत गेले. पिशवी जड होती, एक पट्टा तिनं धरला, एक मी. बस आली तेव्हा ती म्हणाली, "आत्या, लग्नाला बोलव हं. उडत येईन." मी हो म्हटलं. ड्रायव्हर ओळखीचा होता. त्यानं विचारलं, "तू कधी?" मी म्हटलं, "बघू."

अकराला व्हॅन फाटकाशी थांबली. मी बाहेर गेले. कॉननं खिडकीची काच खाली केली, माझ्याकडे बघितलं, माझ्या पायातल्या घरातल्या सपाता बघितल्या. मग त्यानं इंजिन बंद केलं.

मी त्याला अ‍ॅबीचं सांगितलं. सगळं खरं सांगितलं, त्याच्याशी तरी.

"मी थांबतो," तो म्हणाला. "लेकीला सांगतो दुसरं कुणीतरी बघ."

"जुळ्यांना? नको. तुला जन्मभर टोचेल ते, आणि तू मला टोचशील."

"मग सहा महिन्यांनी..."

"ते शब्द बोलू नकोस," मी म्हणाले. "फोन कर हवं तर."

"करेन."

त्यानं खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या गालावर ठेवला. त्याच्या हाताला डिझेलचा वास येत होता. मग तो गेला. वळणाच्या पुढे गेल्यावरही व्हॅनचा आवाज खूप वेळ येत होता, कारण आमचा रस्ता डोंगराला वळसा घालून त्याच दरीत परत येतो. मी दगडासारखी उभी राहून शेवटपर्यंत ऐकलं. त्या दरीवर, त्या रस्त्यावर मला इतका राग कधी आला नव्हता.

आत जाऊन मी आधी संगणक उघडला. वंशावळीत गोबनेट क्रीडनच्या नावापुढचं "अविवाहित" पुसलं, नवरा लिहिला, योल लिहिलं, १९६८ लिहिलं. मिलवॉकीच्या बहिणीला कळवलं की मेणबत्ती काढलीस तरी चालेल. मग खाली अ‍ॅबीच्या चौकटीत "न्यूफाउंडलंड" लिहिलं. मधली चौकट माझी. ती मी बघत बसले. मोठी गेली, धाकटी गेली. आमच्या घरातली गोबनेट आईपाशी राहते म्हणतात, पण सगळ्या कागदांत शोधून अशी गोबनेट एकच सापडत होती. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी कुणाच्या तरी मागून चाललेय. माझ्या पुढे कुणी नव्हतंच.

"अ‍ॅबी?" आईनं आतून हाक मारली. "अगं, भूक लागली मला."

मी दारात जाऊन उभी राहिले. तिनं मला पाहिलं. आधी तिला उलगडा होईना, मग झाला. तिनं पांघरुणाचा काठ दोन्ही हातांनी धरला.

"पोरगी कुठाय?"

"गेली. पफिन मोजायला."

"आणि तो?"

"तोही गेला."

मला वाटलं, ती आता तरी म्हणेल की तू का नाही गेलीस. मी उत्तर तयार ठेवलं होतं, चांगलं झोंबणारं. पण आई हसली. तिला ते हसू आवरता येत नव्हतं, ती ओठ दाबत होती आणि ते पुन्हा फुटत होतं. तीन दिवस ती भेदरलेली होती आणि मला दिसलंही नव्हतं. अठ्ठावीस वर्षांत मी तिला इतकं आनंदात पाहिलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आणून ती म्हणाली, "म्हणजे तू राहिलीस."

"राहिले."

"मग मला अंडं दे उकडून," आई म्हणाली. "नाहीतर दोन दे. आज भूक लागलीय."

मी पाणी ठेवलं आणि त्यात दोन अंडी सोडली.